भाजलेला लसूण आणि मिठाची गुळणी

८ जानेवारी

सूनबाई,

तुला फोन केला की तो वाजून वाजून थकतो. निरोप पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचलंस, आणि पुढे सगळी सामसूम. म्हणून हे पत्र. पत्राला निळ्या खुणा नसतात. तू वाचलंस की चुलीत घातलंस ते मला कळणार नाही, म्हणजे तुझी सोय आणि माझी अब्रू दोन्ही शाबूत.

आधीच सांगते, समजूत घालायला लिहीत नाहीये. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून माझा जन्म गेला. रडणाऱ्या मुलीची समजूत घालता येते, ठरवून बॅग भरणाऱ्या मुलीची नाही, एवढं मला कळतं. मी तक्रार करायला लिहितेय.

तुझा नवरा ब्रेड करायला लागलाय.

साधा नाही. भाजलेल्या लसणाचा, तू रविवारी करायचीस तो. ज्या माणसाने आजवर दूध तापवलं ते उतू घालवण्यापुरतंच, तो शनिवार आला की कोपरापर्यंत मैद्यात. पहिल्या खेपेला त्याने लसूण ठेचून कच्चाच लोण्यात कालवला, विकतच्या पावाच्या कापांना फासला आणि ओव्हनमध्ये घातला. लसूण करपून कडूजहर. दुसऱ्या खेपेला कुणीतरी सांगितलं म्हणे की अख्खे गड्डे भाजायचे असतात. याने भाजले, जसेच्या तसे, टोकसुद्धा न कापता. त्यातले दोन आतल्या आत फुटले. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, मला वाटलं सिलिंडर गेला. तिसऱ्या खेपेला ब्रेडही घरीच करायचं मनात आलं. यीस्ट कोमट पाण्यात भिजवायचं असतं हे मलासुद्धा माहीत आहे. याने उकळतं पाणी ओतलं, बिचारं यीस्ट जागच्या जागी गेलं, आणि ओव्हनमधून जे बाहेर आलं ते मी सध्या बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावते.

घराला वास लागलाय. पडद्यांना, उशांना, माझ्या शालीला. खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला जिन्यात नाकाला रुमाल लावून विचारतो, "आजी, काही जळतंय का?" मी म्हणते, "हो, माझं नशीब."

"हे का करतोस?" म्हणून विचारलं तर तुझा नवरा म्हणतो, "असंच." त्यापुढे एक अक्षर नाही. लहानपणापासून हा असाच, तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. कामावर बिघडलेली लिफ्ट दुरुस्त करताना मात्र तिच्याशी तासन् तास बोलतो, मी स्वतः ऐकलंय.

तर तो लसूण कसा भाजायचा, तेवढं कळव. त्याच्यासाठी नाही, माझ्या पडद्यांसाठी.

आणि विषय निघालाच आहे तर एक बोलते. तुझे बाबा गेले त्या दिवसाचं सगळं मला पाठ आहे, जाताना तू दोनदा ऐकवलंस. तू जनावरांना लस टोचायला त्या लांबच्या शिबिरात, तुझी आई तापाने फणफणलेली घरी, आणि दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसायचं काम याच्याकडे. "पोचतो" म्हणाला आणि पोचला नाही. बाबा एकटेच गेले. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते, लिफ्टमध्ये माणसं अडकली होती! एखादी गाय अडली असेल तर तू उठून जातेस की नाही? मग?

बदली झाली म्हणून तू तिकडे गेलीस, असं मी सगळ्यांना सांगते. सहा महिने झाले सांगतेय. आता चष्मेवालासुद्धा हसतो.

तुझी सासू


२३ जानेवारी

सूनबाई,

तुझा निरोप मिळाला. दोन ओळी! "गड्ड्याचं वरचं टोक कापा म्हणजे पाकळ्यांची तोंडं दिसतील. तेल, चिमूट मीठ, फॉइलमध्ये गुंडाळून मंद आचेवर पाऊण तास, बोटाने दाबला की पाकळी आपण होऊन बाहेर यायला हवी." आणि खाली, "ब्रेडचं त्याने स्वतः विचारावं." कशी आहात, जगलात की मेलात, काही नाही. एवढी काटकसर तुम्ही दोघं कुठल्या शाळेत शिकलात?

मी त्याला तुझं नाव न घेता सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"हे तिने सांगितलं?"

"मी दीडशे मुलींची मेस चालवलीय. मला काय लसूण भाजता येत नाही?"

"तुझ्या मेसमध्ये ओव्हन नव्हता."

बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा हे असं.

पण लसूण जमला हो. फॉइल उघडली तेव्हा पाकळ्या मधासारख्या तांबूस झाल्या होत्या. त्याने गड्डा मुठीत धरून पिळला तर आतलं सगळं लोण्यासारखं मऊ वाटीत उतरलं. उग्रपणा नावाला नाही, उलट गोडसर. मी चाखून बघितला. नंतर आणखी एकदा चाखून बघितला. चष्मेवाला वर आला, रुमाल खिशात होता, म्हणाला, "आज वेगळंच काहीतरी आहे."

आता ब्रेडचं रड ऐक. लोण्यात तो लसूण, मीठ, थोडी चिरलेली कोवळी कोथिंबीर कालवून पिठाच्या पट्टीवर पसरतो, गुंडाळी करतो, साच्यात ठेवतो. फुगतो छान. ओव्हनमध्ये गेला की एका बाजूने डोंगर आणि दुसऱ्या बाजूने दरी. एक कड काळीठिक्कर आणि मधोमध कच्चा गिळगिळीत लगदा. तो म्हणाला, "ओव्हन वाकडा आहे." मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" चांगली ठसक्यात म्हटलं. तो गेला आणि कामाच्या पिशवीतून ती पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी घेऊन आला, लिफ्टचे रूळ तपासतात ती. ओव्हनवर ठेवली. बुडबुडा सरळ डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला.

इतकी वर्षं ती म्हण वापरतेय, अंगण खरोखर वाकडं निघायची ही पहिलीच वेळ. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

तू त्याच वाकड्या ओव्हनमध्ये सरळ ब्रेड कसा करायचीस? अर्ध्यात साचा फिरवायचीस ना? मला आठवतंय, तू दार उघडायचीस, वाफ तुझ्या चष्म्यावर यायची आणि तू आंधळ्यासारखी हात पुढे करून "आई, फडकं!" म्हणून ओरडायचीस. हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याने विचारावं म्हणालीस ना, मग विचारू दे.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले कारण मनगटाला जरा चटका बसलाय. काही विशेष नाही. तो कामावर गेल्यावर मी म्हटलं बघू तरी आपल्याला जमतो का. साचा फिरवायला गेले आणि वरची जाळी लागली. त्याला कळवू नकोस. तसंही तू त्याला काही कळवत नाहीसच.

सासू


५ फेब्रुवारी

सूनबाई,

मनगट बरं आहे. तुझा निरोप आला तो वाचून मी हसावं की रडावं ते कळेना. "वाहत्या पाण्याखाली धरा. फोड फोडू नका. पट्टी सैल बांधा. चाटू देऊ नका." चाटू देऊ नका! मग खाली दुसरा निरोप, "माफ करा आई, सवयीने लिहिलं गेलं." मी चष्मेवाल्याला वाचून दाखवलं, तो पायरीवरच बसला हसत. असो. निदान सात महिन्यांनी तू मला आई म्हणालीस, भले जनावरांच्या औषधोपचाराच्या ओघात का होईना.

आता मुद्द्याचं. हे लिहू की नको असं चाललं होतं, पण माझं डोकं फुटायची वेळ आलीय.

तुझा नवरा दर रविवारी सकाळी ब्रेड स्वच्छ फडक्यात बांधतो आणि घेऊन जातो. घरात एक कापही ठेवत नाही. आम्ही सगळा आठवडा वास खायचा आणि ब्रेड दुसऱ्याच कुणाच्या घरी! "कुठे चाललास?" "काम आहे." रविवारी? इस्त्रीचा शर्ट घालून? लिफ्ट दुरुस्तीला? आणि येताना फडकं रिकामं.

मला वाटलं होतं, तू परत यावीस म्हणून हा हात बसवतोय. एक दिवस नीट जमला की तुझ्याकडे घेऊन जाईल. मनातल्या मनात मी त्याला तिकीटसुद्धा काढून दिलं होतं. आता वाटतंय, हे पाणी भलतीकडेच मुरतंय. त्या नव्या इमारतीत एक संगणकवाली बाई राहते, तिची लिफ्ट सारखी बिघडते म्हणे. नवी इमारत आणि सारखी बिघडते!

तुला दुखवायला लिहीत नाही. पण उद्या दुसरीकडून कानावर आलं तर म्हणशील, सासूने झाकून ठेवलं. वसतिगृहात भिंत ओलांडून जाणाऱ्या मुली मी चपलेच्या आवाजावरून पकडायचे. हा तर माझ्या पोटचा. बघतेच.

तू मात्र काही मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा वेळेवर.

सासू


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

बसून वाच.

काल रविवारी मी त्याच्या मागे गेले. हो, गेले. शाल डोक्यावरून घेतली, चष्मेवाल्याची छत्री घेतली, आणि तो कोपऱ्यावर वळला की मी निघायची. त्याने बस धरली, मी मागच्या दाराने चढले. बस थांबली तिथे तो उतरला, मीही उतरले. रस्ता ओळखीचा वाटत होता, पण छत्रीआडून काय दिसणार कपाळ! तो एका इमारतीत शिरला. तिथे लिफ्टच नाही. मी कठड्याला धरून जिना चढले, प्रत्येक पायरीला त्या संगणकवालीला नवीन शिवी शोधत. वर पोचले तर दार उघडंच. आत तुझा नवरा स्टुलावर उभा राहून माळ्याच्या दाराची बिजागरी बसवत होता, आणि खाली टॉर्च धरून उभी होती ती तुझी आई.

माझ्या हातून छत्री पडली.

तुला माहीत आहे, तुझे बाबा गेले तेव्हापासून आम्हा विहिणींचं बोलणं बंद. त्या म्हणाल्या होत्या, "याला माणूस म्हणायचं का?" आणि मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. त्यानंतर काल. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या विहीणबाई. छत्री कशाला? आत गळत नाही."

तुझा नवरा स्टुलावरून म्हणाला, "आई, तू?" बस्स. आणि परत स्क्रू पिळायला लागला.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ओट्यावर ब्रेड कापून ठेवला होता. तुझ्या आईने चहा ठेवला आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलायला लागल्या.

"पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं नाही. भोकातून बघितलं, कोण ते कळलं, आणि कडी लावली. त्यांनी पिशवी कडीला अडकवली आणि गेले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच."

"तुम्ही काय केलंत ब्रेडचं?"

"पहिला टाकला. दुसरा टाकवेना म्हणून बुडवून खाल्ला. मग एकदा दार उघडलं आणि सांगितलं, जावईबापू, तुमचा ब्रेड आतून कच्चा असतो."

"मग?"

"म्हणाले, हो. ओव्हन वाकडा आहे."

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. तुझी आई हसली की तिच्या गालाला तुझ्यासारखीच खळी पडते, हे मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "ह्यांना रविवारी ब्रेड लागायचा. लेक गरम गरम घेऊन यायची, हे आधी कड खायचे आणि मऊ भाग मला द्यायचे. हे गेले, ती तिकडे गेली, माझा रविवार भकास झाला. मी कुणाला बोलले नव्हते. जावयांना कसं कळलं कोण जाणे."

मी येताना बसमध्ये त्याला विचारलं. म्हटलं, आज उत्तर मिळाल्याशिवाय मी उतरणार नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रविवारी त्या घरी ब्रेड जायचा. ते बंद पडलं होतं. बंद पडलेलं चालू करायचं, एवढंच मला येतं."

"आणि बायको परत यावी म्हणून?"

"त्यासाठी नाही."

"मग तिला सांगितलंस का नाही?"

"त्यासाठी नाही म्हटलं ना."

तुझ्या आईनेही तुला कळवलं नाही, कारण त्याने नको सांगितलं होतं. म्हणजे बघ, सगळा शहाण्यांचा बाजार!

आता खरी गोष्ट. तुझ्या आईकडून मला काल आणखी एक कळलं. त्या दिवसाबद्दल, तुझे बाबा गेले त्या दिवसाबद्दल. त्याने ते त्यांना सांगितलं, मला नाही, तुला नाही. मी ते इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे आणि त्याच्याच तोंडून तुझ्या कानावर जायला हवं. मी त्याला बसमधून उतरल्या उतरल्या सांगितलंय, की तू स्वतः जाऊन तिच्यासमोर उभा राहा आणि बोल. ब्रेड नेऊ नकोस. ब्रेडच्या आड लपता येतं.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचं मी तुला परत कधी ऐकवणार नाही.

सासू


४ मार्च

सूनबाई,

तो आला परत तुझ्याकडून. दारातून आत आला, बूट काढले, हात धुतले आणि म्हणाला, "सांगितलं." मी म्हटलं, "काय म्हणाली?" तर म्हणे, "तिला माहीत होतं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तुझ्या आईकडून मला अर्धंच कळलं होतं, म्हणून त्याला बसवून एकेक शब्द चिमट्याने काढावा तसा काढला. लिफ्टमधली माणसं दुपारच्या आतच मोकळी झाली होती. तिथून तो सरळ दवाखान्यात गेला होता. गेटच्या आत, तळमजल्यावर, लिफ्टसमोर. लिफ्ट आली, दार उघडलं, आणि हा आत गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला. वर तुझे बाबा, खाली हा. मग कुणीतरी वरून येऊन सांगितलं की संपलं.

मी विचारलं, "का रे? का नाही गेलास?"

म्हणाला, "आपले बाबा गेले तेव्हा मी आत होतो ना. परत बघायचं नव्हतं."

सूनबाई, त्याच्या वडिलांच्या वेळी तो शाळकरी पोर होता. आत कोण होतं, कोण बाहेर, मला त्या वेळी काही सुधरत नव्हतं. एवढी वर्षं त्याने हे पोटात ठेवलं आणि मी त्याला घुम्या म्हणत आले. असो, पुढे जाते.

पण तू? तुला ठाऊक होतं! गेटवरच्या पहारेकऱ्याने तुला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं म्हणे, की साहेब आले होते, इथली लिफ्ट तेच बघतात म्हणून मी ओळखतो, बाकावर बसून होते. आणि तू हे ऐकून घेतलंस आणि गप्प बसलीस. तो सांगतो का याची वाट बघत. एका घरात, ताटाला ताट लावून, दोघं एकच गोष्ट माहीत असून बसलात. एक सांगत नाही, एक विचारत नाही. दोघांना मिळून एक वाक्य बोलता आलं नाही गं!

मी चिडलेय. फार चिडलेय. काल दिवसभर भांडी आपटली. चष्मेवाला वर आला, माझं तोंड बघितलं आणि आल्या पावली खाली गेला. इतके दिवस मला वाटत होतं, एक गैरसमज आहे, तो कुणीतरी दूर केला की झालं. रेक्टरला तसंच वाटतं. दोन्ही मुलींना समोर बसवायचं, खरं काय ते काढायचं, हात मिळवायला लावायचे. इथे गैरसमजच नव्हता. होतं ते सगळं खरंच होतं.

तू त्याला म्हणालीस म्हणे, "तू त्या संध्याकाळी हे सांगितलं असतंस तर मी तुझ्याशेजारी त्याच बाकावर बसले असते. आता खूप उशीर झाला. पण आईकडे जात राहा." आणि त्याला बसपर्यंत सोडायला आलीस.

हे बोलताना तो रडला नाही. मीही नाही. त्याने उठून पीठ मळायला घेतलं, मी लसणाची टोकं कापत बसले. अर्ध्यात साचा फिरवायचा, हे त्याला तुझ्याकडूनच कळलं वाटतं, कारण काल त्याने बरोबर वेळेला दार उघडलं आणि साचा फिरवला. मग एका काठीने मधोमध टोचून बघितलं. काठी कोरडी निघाली.

तू उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. पाठव.

सासू


२ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र आलं. चक्क पत्र, पाकिटात घालून, तिकीट लावून! डॉक्टरांचं अक्षर वाचायला मला चष्मेवाल्याकडून भिंग आणावं लागलं, पण वाचलं. तू लिहिलंयस, "आई, आमचं जे व्हायचं ते झालं, त्यात तुम्ही भरडल्या गेलात. राग आला असेल तर तो इथे येऊन काढा. खोली आहे, पूर्वेला खिडकी आहे. पुढच्या महिन्यात मला थोडी सवड आहे." आणि खाली, "नाही आलात तरी राग मानणार नाही." हे शेवटचं वाक्य कशाला लिहिलंस? या म्हणायचं आणि लगेच दार अर्धं लोटून घ्यायचं. खोड जात नाही तुझी.

तुम्ही दोघांनी मागच्या आठवड्यात वकिलाकडे जाऊन घटस्फोटाच्या अर्जावर सह्या केल्या. तो घरी आला आणि शांतपणे कपडे बदलले. माझा जीव तुटत होता आणि हे महाशय विचारतात, "लोणी आहे का?" रविवारी तो तुझ्या आईकडे गेला, मला घेऊन गेला. ब्रेड असा झाला होता की काय सांगू. वरून खुटखुटीत, आत कापूस, आणि प्रत्येक पदरात तो भाजलेला लसूण वितळून मुरलेला. तुझ्या आईने कड आधी खाल्ली. मग आम्ही तिघं खात बसलो, आणि मध्येच त्या म्हणाल्या, "जावईबापू, मीठ किंचित जास्त." तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "अहो विहीणबाई, आता कसले जावई आणि कसल्या विहिणी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा घास घेतला आणि गप्प बसले. मी, गप्प!

तो बदललाय का, तर फारसा नाही. पण परवा रात्रीच्या जेवणाला आपण होऊन म्हणाला, "आज एका बाईला लिफ्टमधून काढलं, ती माझ्या गळ्यात पडून रडली, मला काय करावं ते कळेना." एका दमात एवढं मोठं वाक्य! मी भात वाढायची थांबले. या सुधारणेचा तुला आता काही उपयोग नाही, हे मला कळतं. म्हणून तर जास्त संताप येतो. गाडी सुटल्यावर स्टेशनवर दिवे लागावेत तसं झालंय हे.

आज मी बॅग काढली. माळ्यावरून खाली पाडली, धुरळा झटकला, त्यात दोन साड्या आणि औषधं घातली. तो दारात येऊन उभा राहिला.

"कुठे निघालीस?"

"सुनेकडे."

तो चौकटीला टेकला. मग हळूच म्हणाला, "आई, ती आता आपली... म्हणजे कागदावर..."

मी म्हटलं, "सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. माझी सही कुणी मागितली नाही, आणि मागितली असती तरी मी दिली नसती."

त्याने बॅग उचलली आणि चेन लागत नव्हती ती लावून दिली.

शनिवारी दुपारच्या बसने पोचते. घ्यायला ये, मी रिक्षावाल्यांशी भांडणार नाही. आणि त्या खोलीत उशी एकच असेल तर दुसरी आणून ठेव, मला दोन लागतात, हे तुला माहीत आहे.

आई